आप्पाच्या पायाचा कंडेन्सर

टेबलाखाली बसवलं होतं मला. शिरूरला, जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात.

टेबलावर पांढरी चादर टाकलेली. चारी बाजूंनी फरशीपर्यंत सोडलेली. तिच्या आत मी. मांडी घातलेली, मान वाकवलेली, कारण सरळ केली की डोकं फळीला लागायचं. मांडीवर आप्पाची, म्हणजे माझ्या बापाची, घोंगडी. हातात पीव्हीसी पाइपचा तुकडा, रानात पाणी न्यायला असतो त्यातलाच. पाइप घोंगडीवर घासायचा आणि फळीच्या भोकातून खाली सोडलेल्या तारेवरून ओढायचा. पुन्हा घासायचा, पुन्हा ओढायचा. लोकरीवर पाइप घासला की त्याच्यात वीज येते. ती तारेनं वर जायची. वर माझा कंडेन्सर होता. तो ती धरून ठेवायचा. आणि वर शिल्पा होती. इस्त्रीचा युनिफॉर्म, दोन लाल रिबिनी, पाठ केलेलं भाषण. हा कंडेन्सर मी बनवला, असं ती परीक्षकांना सांगत होती.

मला आत घालताना रणदिवे सर, म्हणजे आमचे विज्ञानाचे शिक्षक, म्हणाले होते, "आवाज करायचा नाही. खोकायचं नाही. आणि ती घोंगडी बाहेर दिसता कामा नये. वास येतो."

चादरीच्या खालच्या फटीतून मला बूट दिसायचे. पॉलिश केलेले काळे, तपकिरी. विज्ञान बघायला आलेले बूट. एक जोडी रणदिवे सरांची होती, ती टेबलाला चिकटून उभी. मी जरा हळू झाले की त्यातला एक बूट चादरीसकट आत यायचा आणि माझ्या गुडघ्याला टोचायचा. घास. म्हणजे घास.

मी नववीत होते.

आमची वस्ती पाटसच्या पुढं, माळावर. आम्ही धनगर. माझ्या आज्यापर्यंत सगळे मेंढरांमागं फिरलेले. आप्पानं फिरणं सोडलं, माळ फोडून थोडी बाजरी, मटकी करायला लागला, तरी दावणीला वीस-पंचवीस मेंढरं राहिली होती. मी शाळेत गेले ती आमच्या घरातली पहिली. शाळा गावात. संस्था बागायतदारांची, अध्यक्ष बागायतदारांचे, शिक्षक अध्यक्षांच्या पाहुण्यातले. शिल्पा अध्यक्षांची मुलगी. आमच्याच वर्गात, पहिल्या बाकावर. मी शेवटच्या. तो बाक मला कुणी दिला नव्हता. पुढं बसले की बाकावरच्या दोघी सरकायच्या, मग मागं जायचं, मग आणखी मागं. असं करत करत भिंत लागली.

थंडीत पहाटं आप्पा घोंगडी झटकायचा तवा तिच्यातून बारीक चरचर आवाज यायचा. अंधार असला तर ठिणग्या दिसायच्या. आय म्हणायची, देवाचं हाय, हात लावू नको. मी हात लावायचे. बोटाला चावायचं. मला ते चावणं आवडायचं.

मग एकदा चौफुल्यावर, मोटारी रिवाइंडिंग करणाऱ्याच्या दुकानामागच्या उकिरड्यात मला पंख्याचा जळका कंडेन्सर सापडला. दगडानं फोडला. आत गुंडाळी. उलगडत गेले तर संपेचना. चांदी आन् पन्नी, चांदी आन् पन्नी. चांदीची एक लांब पट्टी, तिच्यावर पातळ पन्नी, तिच्यावर दुसरी पट्टी, वर पन्नी. मी वस्तीवरच्या अंगणात सगळी पसरली आणि बसून राहिले. कळलं ते एवढंच, की दोन पट्ट्या आहेत, त्या एकमेकींना शिवायच्या नाहीत, म्हणून मधे पडदा. आणि त्या पडद्यामुळंच वीज साठते.

पुढं आयुष्यात बऱ्याच शहाण्या माणसांनी हे ऐकून मान हलवली. म्हणाले, केवढी मोठी उपमा आहे हो ही, शिवायचं नाही, मधे पडदा, समाजाचंच चित्र. मी म्हणते, तुमची उपमा तुम्हाला लखलाभ. मला दिवा पेटवायचा होता.

चांदी म्हणून मी चहाच्या खोक्यातला चंदेरी कागद घेतला. चौफुल्यावरच्या हॉटेलवाल्याकडं रिकामी खोकी पडलेली असायची. पडद्याला मात्र लई दिवस गेले. पहिल्यांदा वहीचा कागद घातला. काहीच धरलं नाही. मग तो तव्यावर शेकून कोरडा केला, तर जरा धरलं, पण बाहेर वारं दमट झालं की गेलं. मग तेलात बुडवला. आयनं शेंगदाण्याचं तेल बघितलं आणि पाठीत धपाटा घातला. मग मेणबत्ती वितळवून मेणात बुडवला. ते बरं. मग दुधाची पिशवी कापून घातली. ती लई पातळ. पातळ पडद्यावर जास्त साठतं, हे मला घासून घासून कळलं, पाइप जास्त घासावा लागायचा पण मग दिवा भक्कन पेटायचा. दिवा म्हणजे टेस्टरमधला बारका लाल दिवा. पण पिशवीला सुईएवढं भोक असलं तरी सगळी मेहनत पाण्यात. आणि पिशवीला भोक असतंच. मी खताच्या पोत्याचं अस्तर घातलं, बाटलीची काच घातली, काच फुटून हात कापला. लोकर उकळून तिच्यावर तरंगणारी चरबी कागदाला फासली. त्या कागदाला मेंढराचा वास यायचा, पण वीज धरायचा. मला लई आनंद झाला होता.

वर्गात रणदिवे सर वीज शिकवत होते. शिकवत म्हणजे पुस्तकातून वाचत. मी उभी राहिले.

"सर, कोऱ्या कागदापरीस तेलाचा कागद जास्त धरतोय, ते का?"

सरांनी पुस्तकातनं डोकं काढलं. आधी माझ्याकडं बघितलं, मग वर्गाकडं. वर्गाकडं बघितल्यावर त्यांचा चेहरा खुलला.

"तू आधी आंघोळ करून येत जा. मग विजेचं बघू."

सगळा वर्ग हसला. मी आंघोळ करूनच आले होते. आमच्या वस्तीवर पाणी लांबून आणावं लागायचं तरी रोज आंघोळ करायचे, कारण हे ऐकावं लागेल हे मला पहिलीपासून ठाऊक होतं. सरांना उत्तर येत नव्हतं असं मी म्हणत नाही. येत असेल. ते देण्याच्या लायकीची मी त्यांना वाटले नाही, एवढंच.

आता आप्पाचा पाय.

त्याच्या आदल्या वर्षी ऊसतोडीच्या दिवसात, अध्यक्षांच्या मळ्याकडच्या गाडीवाटेनं आप्पा मेंढरं घेऊन येत होता. अध्यक्षांचा ट्रॅक्टर, मागं उसानं भरलेली ट्रॉली. ड्रायव्हर चढाला अडकला आणि न बघता मागं आला. मेंढरं पळाली. आप्पा एका कोकराला ओढायला वाकला होता. ट्रॉलीचं चाक त्याच्या नडगीवरून गेलं.

अध्यक्ष स्वतः आले होते. जीपमधून उतरले नाहीत. काचेतून म्हणाले, "मेंढरं रस्त्यात कशाला घालता रे?"

जीपमध्ये जागा होती. आप्पाला त्या जीपनं नेलं नाही. चुलत्यानं दुधाच्या टेंपोत, कॅनच्या मधे आडवं घालून दौंडला नेलं. पाय वाचला, पण वाकडा बसला. नंतर अध्यक्षांच्या घरून एक गडी पोतंभर ज्वारी ठेवून गेला. झालं. मेंढरं विकली गेली. आप्पा काठी घेऊन चालायला लागला. आणि घराच्या आढ्याला, खाकी पाकिटात, त्या पायाचा एक्स-रे लटकत राहिला.

मी तो एक्स-रे बघितला तवा आधी पाय दिसलाच नाही मला. पन्नी दिसली. जाड, गुळगुळीत, एकसारखी, एकाही भोकाशिवाय.

मी आप्पाला विचारलं. आप्पानं एक्स-रे उजेडाला धरला. काळ्यावर पांढरं हाड, मधे तडकलेलं.

"ह्याचा दिवा पेटंल म्हणतीस?"

"व्हय."

"काप मग. हाड काय आता नीट व्हायचं न्हाई. दिवा तरी पेटू दे."

धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवला की काळा थर निघून जायचा आणि स्वच्छ पन्नी राहायची. सगळा नाही निघाला. एका तुकड्यावर नडगीचं हाड पुसट राहिलं. तो मी मुद्दाम वरच्या बाजूला ठेवला. चंदेरी कागद, एक्स-रे, चंदेरी कागद, एक्स-रे, घट्ट गुंडाळलं, सुतानं बांधलं, मेणात बुडवलं. आणि घासला पाइप. टेस्टरचा दिवा असा लागला की आय चुलीपुढून उठून आली. पाइप ठेवून मी बाहेर भाकरी खाल्ली, परत येऊन तार जोडली, तरी लागला. धरून ठेवलं होतं त्यानं.

आप्पा हसला. पाय मोडल्यापासून पहिल्यांदा. म्हणाला, "माझ्या पायात जोर हाय की गं अजून."

तालुक्याचं प्रदर्शन दौंडला होतं. मी मॉडेल घेऊन गेले ते शाळेनं पाठवलं म्हणून नाही. प्रत्येक शाळेनं अमुक इतकी मॉडेलं आणायचीच असा नियम होता आणि आमच्या शाळेला ती कमी पडत होती. कुणी लक्षच देणार नाही म्हणून मला जाऊ दिलं. तिथं एका म्हाताऱ्या परीक्षकानं टेस्टर लागलेला बघितला, वाकून बघितला, पुन्हा लावायला सांगितला. कंडेन्सर जिल्ह्याला निवडला गेला.

दुसऱ्या दिवशी हेडसरांनी मला ऑफिसात बोलावलं. रणदिवे सर होते, शिल्पा होती. हेडसर गोड बोलले. माझ्याशी गोड बोलण्याची त्यांची ती पहिली वेळ.

"जिल्ह्याला शाळेचं नाव आहे. तिथं मोठे लोक येतात. शिल्पाला बोलता येतं. तू बोललीस की परीक्षक हसतील. तू म्हणतीस धरतंय, न्हाई, हाय. चालत नाही तिथं. तर मॉडेल शिल्पाच्या नावावर जाईल. तू मदतीला चल."

मी विचारलं, "माझं नाव?"

रणदिवे सर म्हणाले, "तुझ्या नावाचं काय करायचंय? तू शिरूर बघशील की."

तर असे हे शिक्षणमहर्षी. त्यांचे फोटो आता त्याच ऑफिसात भिंतीवर आहेत, हार घातलेले. पोरीकडून मॉडेल घेतलं, नाव घेतलं, आणि बदल्यात शिरूर दाखवायला निघाले. जसं काही आमच्या मेंढरांनी शिरूर बघितलंच नव्हतं. माझा आज्जा शिरूरच्या माळांवर मेंढरांचा वाडा घालून बसायचा तवा यांच्या संस्थेची वीटसुद्धा भाजली नव्हती.

मी गेले. दिवा जिल्ह्याच्या ठिकाणी लागावा असं मला वाटत होतं. कुणाच्या का नावानं, लागावा.

घोंगडी शिल्पा हातात घेईना. म्हणून सरांनी तिच्या आईचा रेशमी रुमाल आणवला. शिरूरला टेबलावर मांडून रुमालानं पाइप घासून बघितला. दिवा लागेना. सिमेंटच्या पत्र्याचा हॉल, शेकडो पोरं, त्यांचा घाम, हवा दमट झालेली. सर घामाघूम. परीक्षक तीन टेबलं पलीकडं. तवा त्यांच्या सुपीक डोक्यात हा टेबलाखालचा शोध आला. त्यांच्या आयुष्यातला एकमेव वैज्ञानिक शोध. घोंगडी खाली, धनगराची पोर खाली, वर रेशमी रुमाल आणि साहेबांची लेक. फळीला खिळ्याचं भोक आधीच होतं.

तर मी घासत होते. वर दिवा लागत होता. लागला की मला वरचा "वा!" ऐकू यायचा. खरं सांगते, पहिल्या "वा!"ला मला बरं वाटलं. घाम डोळ्यात जात होता तरी बरं वाटलं.

मग परीक्षकांपैकी कुणीतरी विचारलं, "बाळ, मधे हे कशाचं माध्यम वापरलंस?"

शिल्पा म्हणाली, "सर, एक्स-रे फिल्म. हा माझ्या आजोबांच्या पायाचा एक्स-रे आहे. आजोबा शेतात पडले होते. त्यांची आठवण म्हणून मी हे हाड वरच्या बाजूला ठेवलंय."

"अरे वा," परीक्षक म्हणाले. "फारच हृदयस्पर्शी."

शेजारून अध्यक्षांचा आवाज आला. ते पाहुणे म्हणून आले होते. हसून म्हणाले, "आमच्या वडिलांवर फार जीव तिचा."

माझा हात थांबला.

बूट आत आला. गुडघ्याला टोचला. मी नाही हलले. पुन्हा टोचला, जोरात. माझं डोकं एकदम थंड झालं होतं. राग नव्हता तो. मला स्वच्छ दिसत होतं. यांनी मॉडेल घेतलं, मी गप्प. नाव घेतलं, गप्प. आता ज्या पायावरून यांचं चाक गेलं तो पायसुद्धा यांना पाहिजे होता. त्याचीही यांना माया आली होती. ज्याला जीपमध्ये घेतलं नाही तो पाय यांच्या घरचा झाला होता, कारण परीक्षकांना तो आवडला.

मी चादर वर केली आणि बाहेर आले. चादर ओढली गेली, तिच्यावरचा कार्डबोर्डचा फलक आडवा झाला. घोंगडी माझ्या खांद्यावर होती. केसात जाळी लागलेली.

"तो पाय माझ्या आप्पाचा हाय," मी म्हणलं. "ह्या साहेबांच्या ट्रॅक्टरनं मोडलेला. आन् कंडेन्सर मी केलाय."

मला वाटलं होतं कुणीतरी विचारील. विज्ञानाची माणसं होती ना. खरं-खोटं शोधणारी. गळ्यात बिल्ले लावलेली. एकानंही विचारलं नाही. ज्यांनी "हृदयस्पर्शी" म्हणलं ते परीक्षक चष्मा पुसायला लागले. दुसरे रणदिवे सरांना म्हणाले, "हा काय प्रकार आहे? मुलांना शिस्त लावा." आणि पुढच्या टेबलाकडं वळले. तिथं ज्वालामुखी होता. सोडा आणि व्हिनेगरचा. त्यांना तो बरा वाटला असेल, फेस आला की संपतो.

सरांनी माझी वेणी धरली. मी वेणीसकट मागं वळले आणि टेबलावरचा कंडेन्सर उचलला. दोन्ही तारा एकमेकीला लावल्या, चट् आवाज झाला, आणि तो परकराच्या ओच्यात घातला. शिल्पा रडत होती. अध्यक्ष माझ्याकडं बघत नव्हते. माझ्यामागच्या भिंतीकडं बघत होते. तशी त्यांची पद्धतच होती.

शाळेची जीप मला न घेता गेली. मी एसटी स्टँडवर आले. तिथं पूर्वी आमच्याकडून लोकर नेणारा, घोंगड्या विणणारा एक ओळखीचा सणगर बसला होता. घोंगडी बघून त्यानं हाक मारली, "कुणाची गं तू?" आप्पाचं नाव सांगितलं. त्यानं न्हावऱ्याच्या रस्त्यानं चौफुल्याला जाणाऱ्या गाडीत मला शेजारी बसवून आणलं आणि वाटेत कागदातली भजी पुढं केली. त्या दिवशी शिरूरात मला माणूस म्हणून भेटलेला तो एकटाच.

दोन दिवसांनी आप्पाला शाळेत बोलावलं. ऑफिसात हेडसर, रणदिवे सर आणि मधल्या खुर्चीत अध्यक्ष. रिकाम्या खुर्च्या होत्या. आप्पाला कुणी बस म्हणलं नाही. तो काठीवर भार देऊन उभा राहिला, मग पाय दुखायला लागला तसा खाली फरशीवर बसला.

हेडसर म्हणाले, "पोरीनं साहेबांची बदनामी केली. उद्या प्रार्थनेला सगळ्या शाळेसमोर माफी मागायला सांगा तिला. नाहीतर दाखला घेऊन जा."

आप्पाचे हात जुळायला लागले. सवयीनं. त्याचे हात साहेब दिसला की आपोआप जुळायचे. मी खाली बसले आणि त्याचे दोन्ही हात धरले.

"आप्पा, हात जोडू नगा."

आप्पानं माझ्याकडं बघितलं. मग हात सोडवून घेतले, काठी धरली, आणि उठला. उठायला त्याला वेळ लागला. सगळे बघत बसले.

उठून तो अध्यक्षांना म्हणाला, "साहेब, दाखल्याचं ऱ्हाऊ द्या. पाय माझाच हाय का न्हाई, तेवढं सांगा."

अध्यक्ष म्हणाले, "जुनं काय उकरता? ज्वारी पाठवली होती की आम्ही."

"ज्वारीचं न्हाई इचारलं. पाय कुणाचा, ते इचारलं."

अध्यक्षांनी टेबलावरची घंटी दाबली. शिपायाला म्हणाले, "यांना बाहेर घ्या." एवढंच जमलं. एवढी बागायत, एवढी संस्था, आणि एका लंगड्या माणसाला एका शब्दाचं उत्तर देता आलं नाही. घंटी दाबावी लागली.

आप्पाला घरी पाठवून मी दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला गेले. गेले, कारण न जाता दाखला घेतला असता तर म्हणाले असते, पळाली. हेडसरांनी माईक दिला. त्यांना वाटलं, आली वळणावर. सगळी शाळा रांगेत उभी. शिल्पा पहिल्या रांगेत.

मी म्हणलं, "मला माफी मागायला सांगितलीय. मी मागत न्हाई. ज्यांनी मागायची ते ऑफिसात बसल्यात."

माईक हिसकावला. पण पोरांनी ऐकलं होतं. दाखला दुपारच्या आत हातात आला, वर्तनाच्या रकान्यात "असमाधानकारक" लिहून. त्यांच्या अक्षरातला तोच एक शब्द मला मिळालेला खरा मान आहे. मी समाधानकारक वागले असते तर आज मला माझी लाज वाटली असती.

दौंडला दुसऱ्या शाळेत नाव घातलं. तिथंही रणदिवे सर होते, नाव वेगळं. तिथंही पहिला बाक होता. पण तिथं मी पहिल्या दिवशीच त्याच्यावर जाऊन बसले, आणि शेजारच्या सरकल्या तर सरकल्या. मला ऐसपैस जागा झाली. दहावी झाले. डिप्लोमा झाले. आणि शिरूर तालुक्यातल्याच एमआयडीसीत, पंख्याचे आणि मोटारींचे कंडेन्सर बनवणाऱ्या एका बारक्या कंपनीत लागले. एकोणीसशे नव्वदचं दशक संपलं होतं. आप्पा तोवर गेला होता.

त्या कंपनीत गुंडाळीचं काम बायका करतात. आसपासच्या गावातल्या, काही बिहारच्या. सगळ्या ठेक्यावर. फिल्म इतकी पातळ की श्वासानं हलते. मशीन ओढते, पण ताण कमी-जास्त झाला, सुरकुती पडली की बोटाला आधी कळतं, मशीनला नंतर. मी तिथं क्वालिटीला होते. माझ्या सहीशिवाय माल बाहेर जात नव्हता.

एके दिवशी परदेशी पाहुणे येणार होते. माल घेणारे. सकाळी प्लांटचे साहेब खाली आले, सोबत ऑफिसातली चार पोरं, नव्या पांढऱ्या कोटात. साहेब म्हणाले, "बायकांना अर्धा तास कँटीनला पाठवा. मशीनवर ही मुलं उभी राहतील. जरा प्रेझेंटेबल दिसलं पाहिजे."

त्या पोरांना मशीन चालू कुठून होतं ते माहीत नव्हतं. सुनंदाबाई, सगळ्यात जुन्या, हात पुसत उठल्याच होत्या. बिहारची पार्वती मला म्हणाली, "दीदी, हम लोग जाएँ का?"

मी म्हणलं, "बैठो."

मग साहेबांकडं वळले. मला चांगलं शुद्ध बोलता येतं आता. इंग्रजी येतं. मी दोन्ही वापरलं नाही.

"ज्या चालवत्यात त्याच उभ्या ऱ्हातील. न्हाईतर मशीन बंद."

"मॅडम, तुम्हाला प्रॉब्लेम काय आहे? अर्ध्या तासाचा प्रश्न आहे."

प्रॉब्लेम. मी त्यांच्याकडं नीट बघितलं. वाईट माणूस नव्हता. वाईट असण्याचीसुद्धा मेहनत न घेतलेला माणूस. काम करणाऱ्याला आत लपवावं आणि दिसणाऱ्याला पुढं उभं करावं, हे त्याला हवापाण्यासारखं साधं वाटत होतं. अशा माणसांना मी समजावून सांगत नाही. पूर्वी सांगायचे. समजत नाही म्हणून ते असे नसतात. समजायची त्यांना गरज पडलेली नसते. ती गरज पाडावी लागते.

मी भिंतीपाशी गेले आणि मेन स्विच खाली ओढला.

सगळी मशीनं घरघरत थांबली. पांढऱ्या कोटातली पोरं एकमेकांकडं बघायला लागली. गेटवर पाहुण्यांच्या गाडीचा हॉर्न झाला. साहेब घड्याळ बघत होते, मला बघत होते. मला म्हणाले, "नोकरी जाईल तुमची."

"जाऊ द्या."

सुनंदाबाई खाली बसल्या. पार्वती बसली. मग बाकीच्या बसल्या, आपापल्या मशीनपुढं. मी स्विचला पाठ लावून उभी राहिले.

नोकरी राहिली का गेली हे मी सांगत नाही. लोक लगेच तेवढंच विचारतात, आणि राहिली म्हणलं की समाधानानं चहा पितात. मला कुणाचं समाधान करायचं नाही. एवढं मात्र सांगते. जिथं जिथं मी उभी राहीन, तिथं बाईच्या हातचं काम दुसऱ्याच्या नावावर खपू देणार नाही. साहेब रागावू दे, पाहुणे परत जाऊ दे, कारखान्याला कुलूप लागू दे. स्विच खाली आहे. हिंमत असेल त्यानं मला बाजूला करून वर करावा.